एका जन्माला एकच शून्य

बाळाच्या डोक्यात अकरा होतं.

म्हणजे यंत्राचं तसं म्हणणं होतं. अकरा म्हणजे हिरवा दिवा, हिरवा दिवा म्हणजे काळजी नको, आणि सरकारी रुग्णालयात एखादं यंत्र ‘काळजी नको’ म्हणालं की माणसं त्याला मनातल्या मनात हात जोडतात. नंदन गायधनी मात्र त्या आकड्याकडे गेला सव्वा तास भाजीवाल्याच्या काट्याकडे बघावं तसा बघत होता. त्याचाही इलाज नव्हता. तो वजनमापे खात्यात निरीक्षक होता. नऊ वर्षं काटे तपासून त्याचा स्वभाव असा झाला होता की स्वतःच्या लग्नात वरमाला घालतानाही दोन्ही हार सारखे आहेत का, हे त्याने हातात तोलून पाहिलं होतं.

गोष्ट फार पुढची नाही, दोन-चार निवडणुकांनंतरची. निंबधार नावाच्या तालुक्याच्या गावातलं रुग्णालय, तिथला नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष आणि काचेच्या पेटीत नंदन-केतकीचं पहिलं बाळ. मुलगा. एकोणतिसाव्या आठवड्यातच आलेला, वजन एक हजार एकशे चाळीस ग्रॅम. म्हणजे एक किलोचं पितळी वजन आणि वर एक संत्रं. जन्म सकाळी नऊ वीसचा. आता दीड वाजला होता. तीन वीसला सहा तास संपणार होते, आणि या गोष्टीत सहा तासांनंतर काही करता येत नाही.

का येत नाही ते सांगायला हवं.

केतकीला तीन दिवस ताप होता. गर्भजलाला जंतुसंसर्ग झाला होता, त्यामुळे बाळ आलं ते आतून धुमसतच आलं. संसर्गाशी शरीर लढतं, त्या लढाईला दाह म्हणतात. मेंदूतही पहारेकरी पेशी असतात. धोक्याची वर्दी मिळाली की त्या हाताला लागेल ते फेकायला लागतात. फेकतात ते ऑक्सिजनचे पिसाळलेले रेणू, मुक्त मूलके. यांच्याजवळ एक इलेक्ट्रॉन कमी असतो आणि तो ते दिसेल त्याच्याकडून हिसकावून घेतात. मोठ्या माणसाच्या मेंदूत त्यांना आवरायची व्यवस्था असते. एकोणतीस आठवड्यांच्या मेंदूत ती अजून पुरती उभीच राहिलेली नसते. आणि नेमक्या याच दिवसांत काही कोवळ्या पेशी मज्जातंतूंवर वेष्टण चढवायच्या तयारीत असतात, तारेवर रबर चढवावं तसं. त्या पेशी मेल्या की पुढे पाय ओढला जातो, हात आखडतो, शब्द उशिरा येतात. कधी येतच नाहीत.

यावर औषध निघालं होतं. नाव ‘कवच’. गंधक असलेलं अँटिऑक्सिडंट. हे रेणूंना सांगतं, बाबांनो, पेशींना हात लावू नका, हा घ्या माझा इलेक्ट्रॉन. चोर घरात शिरण्याआधीच त्याला दारात पाकीट देऊन वाटेला लावावं, तसं. जगभरच्या हुशार माणसांनी तेरा वर्षं घालवून ते शोधलं आणि त्याला नासक्या अंड्याचा वास होता. पहिल्या सहा तासांत सुरू केलं तर मेंदू वाचायचा. नंतर पेशी मेलेल्याच असायच्या, मग पाकीट कोणाला देणार?

मग सगळ्याच बाळांना का देऊ नये? सुरुवातीला दिलंही. तेव्हा कळलं की हेच गुंड रेणू थोडे असले तर मेंदूत निरोप्यांचं काम करतात. ‘श्वास घे’ हाही त्यातलाच एक निरोप. शांत मेंदूत कवच गेलं की निरोपच पुसले जायचे आणि काही बाळं श्वास घ्यायला विसरायची. म्हणून औषधाच्या पंपाला कुलूप आलं आणि कुलपाची किल्ली दिली टोपड्याला.

टोपडं म्हणजे एक मऊ टोपी. तिचं सरकारी नाव साडेतीन ओळींचं होतं, म्हणून सगळे टोपडंच म्हणायचे. टाळूवर, जिथे हाड अजून जुळलेलं नसतं, तिथून ते डोळ्यांना न दिसणारा प्रकाश आत सोडायचं आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून आतल्या पेशी किती घुसमटल्यात ते मोजायचं. प्रत्येकाची कातडी वेगळी, जावळ वेगळं, म्हणून पहिली पाच मिनिटं ते फक्त त्या डोक्याचं शून्य ठरवायचं. त्यानंतर आकडा. चाळीसच्या वर जाऊन टिकला की पंप उघडणार. खाली असला तर डॉक्टरने पाया पडलं तरी नाही.

आणि इथे अकरा होतं.

“मॅडम,” नंदन म्हणाला, “हा आकडा हलत का नाही?”

डॉ. रेश्मा तांबोळी रक्ताचे अहवाल वाचत होत्या. सकाळपासून चौथ्यांदा. “स्थिर आहे. चांगलंच आहे ना.”

“जिवंत कोंबडी काट्यावर कधी स्थिर राहत नाही.”

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. “गायधनी, आपण तुमच्या मुलाबद्दल बोलतोय ना?”

“हो. पण मी कोंबडीवाल्यांचे शेकडो काटे तपासलेत. जिवंत पक्षी ठेवला की आकडा नाचतो. आकडा गप्प बसला तर दोनच शक्यता. एक तर पक्षी गेलेला आहे, नाहीतर काट्याला कोणीतरी हात लावलाय. बाळ तर हातपाय हलवतंय.”

डॉक्टर रागावल्या असत्या, पण त्यांनाही सकाळपासून काहीतरी टोचत होतं. “रक्तात दाह भरपूर आहे,” त्या हळू म्हणाल्या. “रक्तात आग आणि मेंदू थंड, असं असू शकतं. दहातल्या एखाद्या बाळात.”

“आणि उरलेली नऊ?”

उठून त्यांनी वायर पाहिली, प्लग पाहिला, पडद्यावर टिचकी मारली. पडद्यावर अकरा. “यंत्र काल तपासलंय. आज सकाळीही. याच्याहून जास्त मी काय तपासू?”

“शून्य,” नंदन म्हणाला. “आमच्याकडे आधी शून्य बघतात. शून्य खोटं असेल तर पुढचे सगळे आकडे अगदी प्रामाणिकपणे खोटं बोलतात. टोपडं चढवलं कोणी?”

“तुमच्या अक्कांनीच. एवढा हलका हात इथे दुसऱ्या कोणाचा आहे?”

नंदन वळून दाराकडे गेला.

पुष्पलता गायधनी म्हणजे नंदनची थोरली बहीण आणि या कक्षाची परिसेविका. घरात अक्का आणि रुग्णालयातही अक्काच, कारण मोठे साहेबसुद्धा तिला वचकून होते. एकवीस वर्षांत तिच्या कक्षात माशी शिरली नव्हती, आणि शिरली असती तरी हात धुऊनच. दारावर तिच्याच अक्षरातली पाटी होती: ‘काजळ, तेल, अंगारा, ताईत आत आणू नये. देवालाही हेच सांगितले आहे. हुकमावरून, परिसेविका.’

नंदन ती पाटी वाचत उभा राहिला. आणि त्याला स्वतःचं दहावीचं प्रवेशपत्र आठवलं. त्यावरच्या फोटोत त्याच्या गालावर काळी तीट होती. पर्यवेक्षकाने ‘चेहऱ्यावरील खूण’ या रकान्यात तिची नोंद केली होती, त्यामुळे सातही पेपरांना ती लावून जावं लागलं होतं. ती अक्काने लावली होती. लग्नातही तिने लावली होती, कानामागे, कोणाला दिसणार नाही अशी.

ज्या बाईने तीस वर्षांच्या घोड्याला तीट लावली, ती एक हजार एकशे चाळीस ग्रॅमच्या भाच्याला तशीच सोडेल?

अक्का कपड्यांच्या खोलीत दुपट्यांच्या घड्या घालत होती. नंदनने दार लोटून घेतलं.

“अक्का, बाळाला तीट लावलीस?”

“वेडा झालास का? पाटी वाचली नाहीस?”

“आत्ताच वाचली. टोपड्याखाली लावलीस ना?”

अक्काने एका दुपट्याची घडी मोडली आणि परत घातली. मग खिशातून एक चांदीची चिमुकली डबी काढून कपाटावर ठेवली. “निर्जंतुक करून घेतलंय,” ती म्हणाली. “ऑटोक्लेव्हमध्ये. एकशे एकवीस अंशांवर पंधरा मिनिटं. नियम म्हणजे नियम.”

नंदनला हसूही येईना आणि रडूही.

“इतकी बाळं बघितली रे,” अक्का घड्यांकडे बघत म्हणाली, “कधी बोट गेलं नाही. पण एवढीशी टाळू, आणि उडत होती. आपलं बाळ म्हटल्यावर... गेलं बोट. टेकवलं नुसतं. आणि हे बघ, टोपड्याने शून्य ठरवलं तेव्हा काजळ तिथेच होतं. म्हणजे ते वजा झालंच असणार.”

“काट्यावर वीट ठेवून शून्य केलं तर वीट वजा होते, अक्का. काट्याच्या दांडीलाच वीट बांधली तर? काजळ म्हणजे काजळी, शुद्ध कोळसा. तो प्रकाश गिळून टाकतो. प्रकाश आत गेलाच नाही तर परत काय येणार? ते अकरा बाळाचं नाही, तुझ्या बोटाचं आहे.”

अक्का मटकन दुपट्यांवर बसली. त्या दुपट्यांवर बसायला तिने आयुष्यात कोणाला परवानगी दिली नव्हती.

“किती वाजले?”

“दोन वाजून सात.”

“मॅडमना सांगू या.”

“थांब. मी लावलं म्हणून सांगतो. मी बाप आहे, बापाला अक्कल नसते, सगळ्यांना पटेल. तुझी नोकरी...”

अक्का उभी राहिली आणि तिचा परिसेविकेचा आवाज परत आला. “तू लावलंस? माझ्या कक्षात? आत येताना तुझे हात मी तपासलेत, नखंसुद्धा. माझ्या नाकासमोरून इथे कोणी काजळ घेऊन आला असं मी लिहून देऊ? ते नाही जमायचं. माझ्या कक्षात चूक झाली तर ती मीच करणार. चल.”

डॉ. तांबोळींनी ऐकलं. एकदा अक्काकडे पाहिलं, एकदा दारावरच्या पाटीकडे. “सिस्टर, रागवायचं मी चारनंतर बघते,” त्या म्हणाल्या. “आधी पुसा.”

एकोणतीस आठवड्यांची कातडी म्हणजे कांद्याचा आतला पापुद्रा. ती घासता येत नाही. अक्काने कोमट निर्जंतुक पाण्यात भिजवलेला कापूस टाळूवर टेकवला, उचलला, टाकला. दुसरा. तिसरा. नंदन कापूस मोजत होता; तेवढंच त्याला येत होतं. एकोणिसावा कापूस पांढरा निघाला. दोन वाजून सव्वीस मिनिटं.

टोपडं परत चढवलं. पडद्यावर आकडा आला: उणे चौतीस.

“बाळाच्या मेंदूवरील ताण शून्यापेक्षा कमी झाला आहे,” यंत्रातली बाई मधाळ आवाजात म्हणाली. “अभिनंदन.”

“नवीन शून्य घ्या,” नंदन ओरडला.

“घेता येत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी दुसरं टोपडं आणायला हात पुढे केला आणि मागे घेतला. शून्य टोपड्याला नव्हे, बाळाच्या नोंदीला बांधलेलं होतं. कंपनीच्या मदत-क्रमांकावर एक तरुण अतिशय नम्रपणे म्हणाला, “एका जन्माला एकच शून्य, सर. नाहीतर कोणीही शून्य हलवून कुलूप उघडेल.”

सगळ्यात वाईट म्हणजे नंदनला ते पटलं. त्याने स्वतः असाच नियम केला असता. “मग नवीन शून्य कधी मिळतं?” त्याने विचारलं.

“नवीन जन्म झाल्यावर, सर.”

नंदनने फोन ठेवला. डॉक्टरच आधी बोलल्या. “मग जन्म नोंदवा.”

“कोणाचा?”

“याचाच. जुळं म्हणून.”

अक्काने आपल्या नावाने संगणक उघडला. आई तीच. जन्मवेळ नऊ एकवीस. जुळे आहेत का? हो. वजन: एक हजार एकशे चाळीस.

‘दोन्ही बाळांचे वजन तंतोतंत समान असू शकत नाही. नोंद नाकारली.’

“एकशे पस्तीस टाका,” डॉक्टर म्हणाल्या.

“नाही,” नंदन म्हणाला.

“गायधनी, दोन अडतीस झालेत!”

“माहीत आहे. पण नऊ वर्षांत मी खोटं वजन लिहिलं नाही, आणि आज सगळा घोळ खोट्या मापानेच झालाय. डोसही वजनावरच ठरणार ना? परत मोजा. खरं.”

बाळाला उचलून काट्यावर ठेवलं. आकडा नाचत होता. एकशे एकेचाळीस, एकशे एकोणचाळीस, एकशे चाळीस. नंदनने डोळे मिटले. तेवढ्यात बाळाने, कोणताही गाजावाजा न करता, दुपट्यावर शू केली. अक्काने क्षणात ओलं दुपटं काढून त्याच वजनाचं कोरडं सरकवलं. आकडा ठरला: एक हजार एकशे एकतीस.

“गुणाचं गं माझं,” अक्का पुटपुटली.

नोंद पुढे सरकली. शेवटचा रकाना: मातेची संमती, अंगठा.

केतकी वरच्या मजल्यावर तापात होती. नंदन धापा टाकत पोचला तेव्हा ती तिच्या फोनकडे एकटक बघत होती. त्यावर लिहिलं होतं: ‘अभिनंदन! आपल्याला दुसरे बाळ झाले आहे. मान्य असल्यास अंगठा लावा.’

“नंदन,” ती अगदी शांतपणे म्हणाली, “मी होते तिथे. एकच झालं.”

“नंतर सांगतो. लाव.”

“कोणाचं आहे हे?”

“आपलंच आहे. तेच आहे. केतू, यंत्र त्याला औषध देत नाहीये. पंचवीस मिनिटं आहेत. अंगठा लाव, मग मला हवं ते म्हण.”

केतकीने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याच्या बाहीवर काळा डाग होता आणि तो रडत होता, हे बहुधा त्याला माहीत नव्हतं. तिने अंगठा लावला. “दुसऱ्याला तरी वाचवा,” ती म्हणाली.

खाली एक शेवटची चौकट उघडली होती: शेरा. ती भरणं सक्तीचं नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, “मोकळी सोडा, सिस्टर.” अक्काने सोडली नाही. तिने लिहिलं: ‘दोन्ही नोंदी एकाच बाळाच्या. पहिले शून्य खोटे. टाळूवर काजळ होते. लावणारी: परिसेविका पु. गायधनी.’ आणि बटण दाबलं.

मग पाच मिनिटं टोपड्याने शून्य ठरवलं.

तीन वाजून चार. पडद्यावर एकोणचाळीस आला. कुलूप बंद. मग चव्वेचाळीस. अडतीस. सत्तेचाळीस. बावन्न, एकोणपन्नास, एकसष्ट. लाल दिवा लागला, घंटा वाजायला लागली, यंत्रातली बाई गंभीर झाली, आणि एवढी वाईट बातमी कानावर पडत असताना नंदनच्या तोंडून निघून गेलं, “हलतोय! मॅडम, आकडा हलतोय!”

पंपाचं कुलूप खट्‌कन उघडलं. पारदर्शक नळीतून पिवळसर थेंब सरकत गेला. कक्षभर नासक्या अंड्याचा वास पसरला. अक्का, जिने एकवीस वर्षं इथे फिनेलशिवाय दुसरा वास येऊ दिला नव्हता, तिने तो छातीभर ओढून घेतला.

तीन वाजून नऊ मिनिटं झाली होती. अकरा मिनिटं शिल्लक होती. हे अकरा मात्र खरं होतं.

चौकशी झाली. अक्काने शेऱ्यात सगळं लिहूनच ठेवलं होतं, त्यामुळे समितीला विचारायला काही उरलं नाही आणि तिने चहावरच काम भागवलं. अक्काला बाळांपासून काढून भांडारात टाकलं. तिथे ती आता गॉजच्या गठ्ठ्यांना शिस्त लावते. टोपड्याच्या नव्या आवृत्तीत चढवण्याआधी एक सूचना येते: ‘कृपया टाळू पाहा.’ ही ओळ आपल्यामुळे आली, हे अक्का कोणाला सांगत नाही. भांडारातल्या सगळ्यांना ते माहीत आहे.

दोन्ही नोंदी एकाच बाळाच्या, असं समितीने मान्य केलं. पण संगणकाला ते पटवायची सोय नव्हती. त्यात एकदा जन्मलेलं बाळ काढता येत नाही. म्हणून आरोग्य केंद्रातून केतकीला अजूनही दर तीन महिन्यांनी फोन येतो. “दुसऱ्याचे डोस वेळेवर आहेत हो, पण पहिल्याला आणतच नाही तुम्ही. असा दुजाभाव करू नये.”

दोन वर्षांनी तपासणीला बोलावलं. डॉ. तांबोळींच्या खोलीत ठोकळे होते, चेंडू होता, भिंतीशी काटा होता. बाळाचं, म्हणजे दुसऱ्या बाळाचं, नाव मिहीर. अक्काने बारशाला ठेवलेलं. तो खोलीच्या या टोकापासून त्या टोकाला अक्कापर्यंत चालत गेला. डावा पाय किंचित मागून यायचा, पण यायचा. मध्ये एकदा पडला, उठला, जमिनीला “हात्‌” म्हणाला आणि पुढे गेला. डॉक्टरांनी लिहिणं थांबवून चष्मा पुसला.

मग त्यांनी पडद्यावर दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी उघडल्या. दुसऱ्याच्या आलेखाची रेघ हेलकावे खात वर गेली होती. जुलाबात घसरलेली, दिवाळीत चढलेली. पहिल्याची रेघ सपाट होती. औषध: दिले नाही. मेंदूवरील ताण: उणे चौतीस, अभिनंदन. वजन: एक हजार एकशे चाळीस ग्रॅम. दोन वर्षं, एका ग्रॅमचाही फरक नाही.

नंदन त्या सपाट रेघेकडे बघत राहिला. एकशे अकरा वेळा सांगून हसून झालेली ती गंमत होती. आज त्याला हसू आलं नाही. अक्काही त्याच रेघेकडे बघत होती. तिच्या खिशातली डबी तिने कधीच देऊन टाकली होती, तरी हात खिशाकडे गेला आणि रिकामा परत आला. तो तिने मिहीरच्या डोक्यावर ठेवला, टाळू आता भरून आली होती तिथे.

“या साहेब, वजन,” परिचारिका म्हणाली आणि तिने मिहीरला काट्यावर उभं केलं.

आकडा उसळला. साडेदहा, अकरा, पावणेअकरा. मिहीर एका पायावर उभा राहून बघत होता, मग दुसऱ्या, मग त्याने उडी मारली.

“अरे, स्थिर उभा राहा ना जरा! आकडा लिहायचाय!”

“राहू द्या हो,” नंदन म्हणाला. “बरोबर आहे काटा.”